उरलेल्या गोळ्यांचा तुलनात्मक तक्ता

इमारतीच्या वार्षिक सभेत विषय क्रमांक सहा लिफ्टच्या आवाजाचा होता आणि विषय क्रमांक सात उरलेल्या गोळ्यांचा. लिफ्टवर दीड तास चर्चा होऊन विषय पुढच्या वर्षावर ढकलण्यात आला. गोळ्यांचा ठराव मात्र अकरा मिनिटांत मंजूर झाला, कारण त्याबाबत कोणाचे दुमतच नव्हते.

इमारतीत छत्तीस बिऱ्हाडे होती. प्रत्येक बिऱ्हाडात वर्षातून एकदोनदा कोणी ना कोणी तापाने पडे. डॉक्टर पाच किंवा सात दिवसांची अँटिबायोटिक लिहून देत, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप उतरे आणि शहाणा माणूस तिथेच थांबे. बरे वाटत असताना औषध घेणे म्हणजे पाऊस थांबल्यावर छत्री उघडून हिंडणे, असे सचिवांनी सभेत सांगितले तेव्हा सगळ्यांनी हसून माना डोलावल्या. सचिव विमा विकत, त्यामुळे दाखले देण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. तर अशा शहाणपणामुळे घरोघरी चार-चार, पाच-पाच गोळ्यांची अर्धवट पाकिटे साठली होती. इतके उत्तम औषध वाया जावे हे सभेला पाहवेना. सभागृहाच्या भिंतीवर चाव्यांचे एक जुने कपाट होते. ते मोकळे करावे, सर्वांनी आपापल्या उरलेल्या गोळ्या त्यात आणून ठेवाव्यात आणि ज्याला गरज पडेल त्याने तिथून न्याव्यात, असे ठरले.

कपाट कोणाच्या ताब्यात द्यायचे हे विचारावेच लागले नाही. सगळ्यांच्या माना एकदमच दुसऱ्या रांगेकडे वळल्या. तिथे तक्तेकाका बसले होते.

तक्तेकाका एका मोठ्या खात्यातून खरेदी अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षांत त्यांनी टाचणीपासून रोडरोलरपर्यंत सर्व काही खरेदी केले, पण तुलनात्मक तक्त्याशिवाय एक खोडरबरदेखील नाही. आडव्या ओळीत निकष, उभ्या रकान्यात पुरवठादार, प्रत्येक चौकोनात गुण, खाली बेरीज आणि बेरजेखाली सही. माणूस सज्जन होता, हात स्वच्छ होते आणि अक्षर सुंदर होते. निवृत्तीनंतर खाते सुटले, तक्ता सुटला नाही. घरचा पंखा, पडद्याचे कापड, फिरायला जायचा रस्ता, सगळे तक्त्यातून पार पडून येई. त्यांच्या पत्नीला अख्खी इमारत काकू म्हणे. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, की यांनी लग्नाआधी माझाही तक्ता केला असणार. बाकीच्या दोन रकान्यांत कोण होत्या तेवढं मात्र अजून सांगत नाहीत. तक्तेकाका यावर चष्मा पुसत. नकारही देत नसत.

तीन आठवड्यांत कपाटात दोनशे बारा गोळ्या आणि कॅप्सूल जमा झाल्या. तक्तेकाकांनी त्या सहा प्रकारांत लावल्या, प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी डकवली आणि नोंदवही उघडली. पण पहिल्याच दिवशी अडचण उभी राहिली. चौथ्या मजल्यावरच्या मावशी घसा दुखतो म्हणून आल्या आणि गुलाबी गोळी घेऊन गेल्या. गुलाबीच का, असे विचारल्यावर म्हणाल्या, पांढऱ्या गोळीने मला कधी बरंच वाटत नाही. तक्तेकाकांना त्या दिवशी जेवण गेले नाही. निकषाशिवाय निवड म्हणजे उघडउघड अनियमितता होती, आणि ती त्यांच्या नाकासमोर घडली होती.

मग त्यांनी तक्ता करायला घेतला. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून पाकिटातली माहितीपत्रके आणली, भिंग घेऊन वाचली आणि सहाही औषधे उभ्या रकान्यांत मांडली. काम चोख होते. अमॉक्सिसिलिन जुने, अनुभवी, पण दिवसातून तीन वेळा घ्यावे लागते आणि पोट बिघडवते, गुण मध्यम. सेफिक्सिम दिवसातून दोनदा आणि वागायला सौम्य, गुण बरे. सिप्रोफ्लॉक्सासिनचा आवाका मोठा, पण दुधाशी त्याचे जमत नाही; दोन गुण वजा. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर, ताठ बसून घ्यायचे, घेतल्यावर लगेच आडवे व्हायचे नाही आणि उन्हातही हिंडायचे नाही. हे वाचून तक्तेकाकांच्या कपाळावर आठी चढली. अटी खरेदीदाराने घालायच्या असतात, मालाने नव्हे. त्याला पाचवा क्रमांक मिळाला. अ‍ॅझिथ्रोमायसिन दिवसातून एकदा, तेही बहुतेक वेळा तीनच दिवस. इतक्या थोडक्यात काम आटोपणारा पुरवठादार त्यांना उभ्या नोकरीत भेटला नव्हता. त्यांनी आनंदाने त्याला पहिला क्रमांक दिला.

सहावे होते नायट्रोफ्युरॅन्टॉइन. ते फक्त मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गावर चालते, असे माहितीपत्रकात लिहिले होते. घशाला नाही, छातीला नाही, कानाला नाही, फोडाला नाही. एवढ्याशा कार्यक्षेत्राचा अर्जदार तांत्रिक छाननीतच बाद होतो. तक्तेकाकांनी त्यावर लाल शाईने ‘अपात्र’ लिहिले आणि त्याच्या चौदा कॅप्सूल सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवल्या.

तक्ता सूचनाफलकावर लागला. इमारतीने तो कौतुकाने वाचला. तळमजल्यावर दवाखाना असलेल्या डॉक्टरीणबाईंनीही तो वाचला आणि त्या रुग्णाला तसेच बसवून तडक वर आल्या. त्या वयाने तक्तेकाकांच्या मुलीएवढ्या होत्या आणि काकांना मानत. त्यांनी शांतपणे सांगून पाहिले. तक्त्यात निकष सात आहेत, पण एक नाही. रोग कोणत्या जंतूमुळे झालाय आणि शरीरात कुठे झालाय, हा. एक औषध छातीत पोचतं, ते लघवीत उतरतंच असं नाही. एक जंतू याला भितो, तर दुसरा त्याला ओळखतही नाही. आणि साध्या सर्दीत तर जंतू वेगळ्याच जातीचा असतो, त्याला यांतलं काहीच लागू पडत नाही. यांत सरसकट पहिला, दुसरा कोणी नसतो.

तक्तेकाकांनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, की हे सर्व खरे असले तरी एकूण बेरजेत सर्वांत चांगले कोणते?

डॉक्टरीणबाई क्षणभर कपाटाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “काका, या कपाटात आधी चाव्या होत्या ना?”

“होत्या. एकशे चार.”

“त्यांचा केला होतात का तक्ता? सगळ्यांत चांगली चावी कोणती?”

तक्तेकाकांनी या मुद्द्यावर प्रामाणिकपणे विचार केला. “नाही केला,” ते म्हणाले. “करायला हवा होता.”

डॉक्टरीणबाईंनी मग लेखी पत्र दिले. त्याला आवक क्रमांक मिळाला, पोच मिळाली आणि ते कार्यकारिणीपुढे ठेवण्यात आले. सचिवांनी लक्षात आणून दिले, की पत्र लिहिणाऱ्या व्यक्तीचा उदरनिर्वाह लोकांच्या आजारपणावर चालतो, त्यामुळे त्या हितसंबंधी पक्ष ठरतात. हे कोणालाच खोडून काढता आले नाही. पत्र दप्तरी दाखल झाले.

कपाटाचा कारभार सुरळीत चालू लागला. साठा मर्यादित आणि गरजू फार, म्हणून समन्यायी वाटपाचे धोरण आले: एका आजाराला, एका व्यक्तीला, दोन गोळ्या. पाचांची किंवा सातांची मागणी करणाऱ्याला तक्तेकाका समजावत, की आपण एकटेच या इमारतीत राहत नाही. दोन गोळ्यांनी बरे वाटले की सभासदाने ‘बरे वाटल्याचा दाखला’ भरून द्यायचा. पहिल्या तीन महिन्यांत शहात्तर जणांनी गोळ्या नेल्या, त्यांतल्या एकाहत्तर जणांनी दाखले भरले. त्यांतल्या बासष्टांना सर्दी झाली होती आणि ती तशीही आठवड्याभरात गेलीच असती. पण दाखल्यावर ‘आपोआप’ असा रकाना नव्हता, त्यामुळे सर्व श्रेय कपाटाच्या खाती जमा झाले.

यश पाहून कामाचा व्याप वाढला. प्रवासाला निघणारे लोक आधीच एक गोळी घेऊन निघू लागले. परीक्षेला बसणाऱ्या मुलांना, घर बदलणाऱ्यांना, ज्यांच्या शेजारी कोणी खोकते त्यांना प्रत्येकी एक मिळू लागली. पुढे काही पाकिटांची मुदत संपत आल्याचे तक्तेकाकांच्या ध्यानात आले. माल गोदामात सडणे हा त्यांच्या खात्यात सर्वांत मोठा गुन्हा होता. त्यांनी ‘मुदतपूर्व वापर पंधरवडा’ जाहीर केला आणि सभासदांना महिनाअखेरीस आजारी पडण्याचे आवाहन केले. प्रतिसाद उत्तम मिळाला. ज्यांना काहीच झाले नव्हते, त्यांनीही सामाजिक जबाबदारी म्हणून एकेक गोळी घेतली. शेजारच्या दोन इमारतींची शिष्टमंडळे कपाट पाहायला आली आणि त्याचे माप घेऊन गेली.

याच पंधरवड्यानंतर काकूंना लघवीला जळजळ होऊ लागली.

काकू लाजणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी सरळ सांगितले, की दर अर्ध्या तासाला जावं लागतंय आणि आग होतेय, तेव्हा काय ते बघा. तक्तेकाकांपुढे पेच पडला. कपाटाचा ताबा त्यांच्याकडे आणि मागणी घरातूनच. त्यांनी रीतसर अर्ज भरला, काकूंची सही घेतली, सचिवांची पूर्वमंजुरी आणली आणि पहिल्या क्रमांकाच्या दोन गोळ्या घरी आणल्या. काकूंनी त्या हातात घेऊन पाहिल्या.

“अहो, सर्वांत खालच्या कप्प्यावर मूत्रमार्ग असं लिहिलंय. मी परवा कपाट पुसताना वाचलं. मला तोच त्रास आहे.”

“ती अपात्र आहे.”

“का पण?”

“तेवढ्याच कामाला चालते म्हणून.”

“मग माझंही तेवढंच काम आहे की.”

तक्तेकाकांनी चष्मा काढला. “अगं, उद्या लोक म्हणतील, घरच्या माणसासाठी यानं बाद माल बाहेर काढला. तक्ता एकदा झाला की झाला. मी चौतीस वर्षांत कधी तो वाकवला नाही.”

“आणि खाली डॉक्टर बसलीय, तिला विचारून येऊ का?”

तिने आपल्याविरुद्ध पत्र दिलेले असताना तिच्याकडे जाणे औचित्याला धरून नाही, असे तक्तेकाकांनी सांगितले. काकूंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले आणि गोळी गिळली. वाद घालण्यापेक्षा ते सोपे होते. या संसारात त्यांनी यापूर्वीही बरेच काही गिळले होते.

पहिल्या क्रमांकाने दोन दिवस बरे वाटले. काकू त्या दोन दिवसांत तांब्या-तांब्या पाणी पीत होत्या, पण पाण्याचा रकाना तक्त्यात नव्हता. पाचव्या दिवशी जळजळ परत आली. तक्तेकाकांनी नियमाप्रमाणे दुसऱ्या क्रमांकाला संधी दिली, दोन गोळ्या. उतार पडला. दाखला भरला. नऊ दिवसांनी पुन्हा तेच. मग तिसरा क्रमांक, मग चौथा, मग पाचवा. प्रत्येकाला समान संधी, प्रत्येकाला दोन गोळ्या, प्रत्येक वेळी दाखला. पाच आठवडे हे चालले. तक्तेकाकांच्या फाइलमध्ये एकाच रुग्णाचे पाच यशस्वी दाखले जमा झाले, आणि असा विक्रम इमारतीत दुसऱ्या कोणाच्या नावावर नव्हता.

फक्त एक गोष्ट त्यांच्या लक्षात येत होती आणि ती कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. काकू हल्ली त्यांना टोमणे मारत नव्हत्या. चहात साखर विसरली तरी नाही, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधला तरी नाही. घर विनाकारण शांत झाले होते.

एका दुपारी ते सभागृहातून परतले तेव्हा काकू दोन दुलया अंगावर घेऊन कुडकुडत होत्या. पाठीत, बरगड्यांच्या खाली, हात लावू देत नव्हत्या. अंग तव्यासारखे तापले होते. त्यांनी तक्तेकाकांकडे पाहून आपल्या मुलीचे नाव घेतले आणि शाळेतून उशीर का झाला असे विचारले. मुलगी चाळिशीला आली होती आणि दुसऱ्या शहरात होती. तक्तेकाका अनवाणी जिना उतरले. औचित्य वरच राहिले.

डॉक्टरीणबाईंनी लगेच गाडी काढली. रुग्णालयात काकूंना सलाइन लागले, लघवीचा नमुना प्रयोगशाळेत गेला. संसर्ग वर चढून मूत्रपिंडात पोचला होता आणि रक्तातही उतरायला लागला होता. अहवाल यायला दोन-तीन दिवस लागणार होते, तोवर अंदाजाने एक इंजेक्शन सुरू झाले. त्याने काही फरक पडला नाही. ताप उतरेना, रक्तदाब वर येईना. दुसऱ्या दिवशी काकू डोळे उघडेनाशा झाल्या. मोठ्या डॉक्टरांनी तक्तेकाकांना बाजूला घेऊन सांगितले, की मुलीला बोलावून घ्या.

तक्तेकाका व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले. सवयीने त्यांनी खिशातून कागद काढला, त्यावर रेघा मारल्या आणि डाव्या कोपऱ्यात बायकोचे नाव लिहिले. पुढच्या रकान्यात काय लिहावे ते त्यांना सुचेना. कागद तसाच घडी घालून त्यांनी खिशात ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई अहवाल घेऊन आल्या. तक्तेकाकांनी तो हातात घेतला आणि क्षणभर, केवळ क्षणभर, त्यांचे डोळे चमकले. तो तक्ता होता. डावीकडे औषधांची नावे, उजवीकडे प्रत्येकासमोर निकाल, मांडणी नेटकी, खाडाखोड नाही. मग त्यांनी तो वाचायला सुरुवात केली. अ‍ॅझिथ्रोमायसिनचे नाव यादीत नव्हतेच. सिप्रोफ्लॉक्सासिन: जंतू दाद देत नाही. सेफिक्सिम: दाद देत नाही. अमॉक्सिसिलिन: दाद देत नाही. डॉक्सिसायक्लिन: तेच. खाली आणखी सात-आठ नावे होती, त्यांतली बरीचशी त्यांनी कधी ऐकलीही नव्हती, आणि त्यांतल्याही बहुतेकांसमोर तेच लिहिले होते.

“पहिल्या क्रमांकाचं नावच नाही यात,” ते म्हणाले.

“ते लघवीत पुरेसं उतरतच नाही, काका. म्हणून तिथं ते तपासतही नाहीत.”

“हा तक्ता कोणी केला?”

“छापला प्रयोगशाळेनं. केला जंतूंनी.” डॉक्टरीणबाई त्यांच्याशेजारी बाकावर बसल्या. “तुम्ही त्यांना दोन-दोन गोळ्यांचे नमुने पाठवत होतात. दोन गोळ्यांत दुबळे तेवढे मेले. जे चिवट होते ते उरले, आणि त्यांचीच पुढची पिढी वाढली. मग तुम्ही पुढचा नमुना पाठवलात. काकूच नाहीत, सगळी इमारत पाठवत होती. शेवटच्या रकान्यापर्यंत मन लावून तपासणी केलीय त्यांनी.”

तक्तेकाकांचे बोट यादीवरून खाली सरकत होते. एका ओळीवर ते थांबले. नायट्रोफ्युरॅन्टॉइन. त्यासमोर लिहिले होते, की जंतू याला दाद देतो.

“हे चालतंय,” ते बाकावरून उठत म्हणाले. “हे आहे आपल्याकडे. चौदा आहेत. मी आत्ता घेऊन येतो.”

“आता नाही चालणार, काका. ते लघवीत काम करतं. मूत्रपिंडात, रक्तात पुरेसं पोचत नाही. पाच आठवड्यांपूर्वी तपासून दिलं असतं, तर पाच दिवसांत काकू बऱ्या झाल्या असत्या.”

समोरून एक परिचारिका ट्रॉली ढकलत गेली.

“मग आता?” तक्तेकाकांनी विचारले.

डॉक्टरीणबाईंनी यादीतल्या अगदी शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. एक इंजेक्शन. रोज शिरेतून, दहा दिवस. त्याला जंतू अजून भीत होता.

“एकच?” तक्तेकाका म्हणाले. “निदान तीन तरी...”

“एकच आहे, काका. आता तुलनेला दुसरं कोणी उरलं नाही.”

ते इंजेक्शन दुपारी सुरू झाले. पुढचे दोन दिवस तक्तेकाकांनी एकाही कागदावर काही लिहिले नाही. तिसऱ्या दिवशी काकूंचा ताप मोडला. चौथ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले, आधी मुलीकडे, मग नवऱ्याकडे पाहिले आणि घोगऱ्या आवाजात विचारले, “काय हो, कितवी आले मी?” तक्तेकाका खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसू लागले. तो खूप वेळ पुसावा लागला.

पाचव्या दिवशी काकूंना अगदी बरे वाटू लागले आणि त्या घरी जाऊ म्हणू लागल्या. तक्तेकाकांनी खुर्ची उचलून खोलीच्या दारात ठेवली आणि ते तिच्यात बसले. दहाही दिवस पूर्ण झाले. निघताना डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही समोर बसवून सांगितले, की हा जंतू काकूंच्या आतड्यात अजून बरेच दिवस मुक्काम ठोकून राहील. तो इमारतीतल्या आणखी किती जणांकडे पोचलाय ते सांगता येत नाही. हात धुवा, भरपूर पाणी पीत जा, आणि पुन्हा त्रास झाला तर पहिल्याच दिवशी तपासायला या. मग काकूंना ऐकू जाणार नाही अशा बेताने त्या तक्तेकाकांना म्हणाल्या, “हे शेवटचं औषधही लोकांनी असंच एक-एक दोन-दोन करून वापरलं, तर पुढच्या वेळी काकूंसाठी माझ्याकडे काही नसेल. अगदी काहीच नसेल.”

तक्तेकाकांनी त्याच आठवड्यात विशेष सभा बोलावली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तक्त्याशिवाय प्रस्ताव मांडला: कपाट बंद करावे, सर्व गोळ्या औषधवाल्यामार्फत नष्ट कराव्यात, यापुढे डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय कोणी एकही गोळी घेऊ नये आणि लिहून दिलेल्या गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मध्येच सोडू नयेत. काकूंचे काय झाले ते त्यांनी काही न लपवता सांगितले. चूक आपली होती, हेही सांगितले. सभा हेलावली. मावशींनी डोळ्यांना पदर लावला. ठराव एकमताने मंजूर झाला आणि सर्वांच्या समक्ष कपाट उघडण्यात आले.

कपाट रिकामे होते. नोंदवहीप्रमाणे, मागाहून जमा झालेल्या धरून, आत एकशे एकोणसाठ गोळ्या असायला हव्या होत्या. सभेची सूचना फलकावर लागली त्या दिवसापासून, कपाट आता बंद होणार म्हणून, तक्तेकाका घरी काकूंपाशी असताना प्रत्येकाने अडीअडचणीला असाव्यात अशा थोड्या थोड्या घरी नेऊन ठेवल्या होत्या. अपात्र कप्पाही सुटला नव्हता. लोकांनी हळहळ व्यक्त केली. कोणावर विश्वास ठेवायची सोय राहिली नाही, असे सचिव म्हणाले आणि सर्वांनी एकमेकांकडे पाहत माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवसापासून लोक काकूंना भेटायला येऊ लागले. सर्वांत आधी मावशी आल्या. त्यांनी काकूंचा हात हातात घेतला, फार वाळलीस म्हणाल्या, मरणाच्या दारातून आलीस म्हणाल्या, चहा घेतला. मग पर्समधून चिठ्ठी आणि पेन काढले.

“ते इंजेक्शन कोणतं होतं गं? लागू पडलं ना अगदी? नाव लिहून दे. मी काय घेत नाही बाई लगेच, पण माहीत असावं.”

काकूंनी तक्तेकाकांकडे पाहिले. ज्या माणसाला वीस वर्षांपूर्वी खरेदी केलेल्या पाण्याच्या पंपाचा अनुक्रमांक तोंडपाठ होता, तो म्हणाला, “नाव काही लक्षात नाही, मावशी.”

“कागदावर असेल की,” मावशी म्हणाल्या आणि त्यांची नजर टेबलावरच्या रुग्णालयाच्या फाइलकडे गेली. तक्तेकाका उठले, फाइल उचलून खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसले. तेवढ्यात दारात सचिव दिसले. त्यांच्याही हातात पेन होते. त्यांच्या मागे दुसऱ्या मजल्यावरचे दोघे होते, आणि त्यांच्या मागे शेजारच्या इमारतीतले काही लोक, ज्यांना काकू कोण हेही ठाऊक नव्हते.

ते नाव या गोष्टीत कुठेही दिलेले नाही. वाचता वाचता ज्यांनी मागे जाऊन ते शोधून पाहिले, त्यांनी कृपया सचिवांच्या मागे उभे राहावे. रांग जिन्यापर्यंत आली आहे, आणि तक्तेकाका काही उठायला तयार नाहीत.